मुंबई–लंडन : बातमीचे अंतर आणि माणसाचे अंतर



आपल्याकडे कोजागिरीला किंवा दिवाळीच्या फराळाला एखादे नवीन कुटुंब आले की ओळखीचे तीन प्रश्न ठरलेले असतात. 'मूळचे कुठले?', 'इथे येऊन किती वर्षे झाली?' आणि 'भारतात शेवटचे केव्हा जाऊन आलात?' तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना बरेच जण किंचित थांबतात. कुणी भाच्याच्या लग्नाला गेलेले असते, कुणी मे महिन्यात खास आंबे खायला. आणि कुणी 'जाऊन आलो, पण उशीर झाला होता' एवढेच म्हणतात. त्यापुढे कुणी काही विचारत नाही. विचारायची गरजच नसते.

या अंकासाठी मुंबई-लंडन प्रवासाचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा आमच्या मनात हा 'उशीर' होता. किती मैल, किती दिवस, किती तास, ही माहिती रंजक आहेच आणि ती पुढे दिलीही आहे. पण ती जुळवता जुळवता एक गोष्ट ध्यानात आली. या दोन शहरांमध्ये अंतरे दोन आहेत. एक बातमीचे आणि एक माणसाचे. फार पूर्वी ही दोन्ही अंतरे एकच होती. १८७० साली ती एकमेकांपासून सुटली, आणि तेव्हापासून इथे राहणारे प्रत्येक मराठी घर त्या दोहोंच्या मधल्या वेळात अडकत आले आहे.

नकाशावरचे अंतर

आधी साधा हिशेब करू. हीथ्रोपासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ४,५०० मैल. आता 'सरळ' म्हणजे काय, हे मुलांना दाखवायचे असेल तर घरातला पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घ्या. भिंतीवरच्या नकाशावर लंडन ते मुंबई पट्टी ठेवली तर रेघ तुर्कस्तान, इराक, इराणचे आखात अशी जाते. गोलावर दोरा ताणून धरला तर तो लंडनहून थेट पूर्वेला निघतो. जर्मनी, युक्रेन, काळा समुद्र, जॉर्जिया, कॅस्पियन समुद्र, मग इराण आणि बलुचिस्तान ओलांडून तो कच्छकडून मुंबईला उतरतो. दोऱ्याची ही वाट सगळ्यांत जवळची. विमानात समोरच्या पडद्यावर वाट वरच्या अंगाने वाकलेली दिसते ती यामुळेच.

दुसरा प्रश्न मुले हमखास विचारतात. जाताना विमान लवकर पोचते आणि परत येताना जास्त वेळ का लागतो? मुंबईला जाताना साधारण साडेआठ ते नऊ तास लागतात, लंडनला येताना साडेनऊ-दहा किंवा त्याहूनही जास्त. याचे कारण वरच्या थरातले वारे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. त्यात घड्याळाचा गोंधळ वेगळा. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार तासांचा. मुलांना वाटते की जाताना दिवस हरवतो आणि येताना सापडतो.

वारे काय किंवा अंतर काय, ते शिवाजी महाराजांच्या वेळीही हेच होते. बदलली ती वाट आणि वाटेवरचा वेळ.

केपचा वळसा

अठराव्या शतकात मुंबईहून इंग्लंडला यायचे म्हणजे शिडाच्या जहाजाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालायचा. समुद्रमार्गे हे अंतर वीस हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे विमानाच्या वाटेच्या पावणेतीनपट. वारा अनुकूल असेल तर पाच महिने, नसेल तर सहा आणि त्याहून अधिक. केव्हा निघायचे हे प्रवाशाच्या हाती नसे, ते मोसमी वारा ठरवी.

त्या काळात मराठी माणूस लंडनला आला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. राघोबादादांनी पेशवाईच्या भांडणात कंपनीची मदत मिळवण्यासाठी आपले वकील इंग्लंडला पाठवले होते. त्यांत हनुमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ होते आणि मणियार हे पारशी. १७८१ साली ते इथे होते. सोवळ्या-ओवळ्यामुळे हनुमंतरावांच्या स्वयंपाकाची पंचाईत झाली, तेव्हा पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर स्वयंपाकाला मोकळे करून दिले. इंग्लंडच्या थंडीत, काचेच्या खोलीत, स्वहस्ते शिजवलेला भात! आपल्या इथल्या पहिल्या वर्षीच्या हालअपेष्टा त्यापुढे काहीच नाहीत.

त्या दिवसांत पत्रही त्याच जहाजाने येई ज्या जहाजाने माणूस येई. पुण्यात आज काय घडले हे लंडनला कळायला माणसाला लागेल तेवढाच वेळ लागे. बातमी आणि माणूस यांची चाल एक होती. वकील लंडनला पोचून धन्याची बाजू मांडेपर्यंत धन्याची परिस्थिती पार पालटून गेलेली असणे सहज शक्य होते.

रंगो बापूजींची वाट

याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते. कंपनी सरकारने सप्टेंबर १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर केले आणि काशीला नेऊन ठेवले. महाराजांचा न्याय विलायतेत मागायचा म्हणून रंगो बापूजी लंडनला आले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सभासद, छापील पत्रके, कैफियती, त्यांनी काही म्हणता काही बाकी ठेवले नाही. जवळजवळ चौदा वर्षे हा माणूस इथे लढला.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीला वारले. त्या वेळी काशीहून लंडनला तार नव्हती. बातमी आधी गंगेच्या काठाने कलकत्त्याकडे किंवा मुंबईकडे, तिथून आगबोटीने, मग सुएझच्या वाळवंटातून आणि पुन्हा बोटीने येणार. म्हणजे ज्या धन्यासाठी दारोदार फिरायचे तो या जगात उरलेला नाही, हे कळायला कित्येक आठवडे जाणार. त्या आठवड्यांत रंगो बापूजींच्या दृष्टीने महाराज हयात होते. पुढे १८४८ साली गादीवरचे शहाजी महाराजही वारले आणि डलहौसीने सातारा खालसा केला. तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत लढत राहिले. परत गेल्यावर १८५७ च्या उठावात ते उतरले आणि त्यानंतर ते कुणाच्या हाती लागले नाहीत. त्यांच्या मुलाला, सीतारामला, फाशी झाली.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे प्रचंड दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि ब्रिटिश लायब्ररीची ही इमारत १९९८ मध्ये उघडली ती आपल्याच कॅमडेनमध्ये, यूस्टन रोडवर. शनिवारी मुलांना घेऊन कुठे जावे असा प्रश्न पडला तर हेही एक ठिकाण आहे. वाचनालयाचे कार्ड काढणाऱ्याला तिथे कंपनी सरकारचा पत्रव्यवहार प्रत्यक्ष पाहता येतो.

आगबोट आणि कालवा

केपचा वळसा चुकवण्याचे पहिले मोठे पाऊल मुंबईतच पडले. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि सुमारे ३३ दिवसांनी सुएझला पोचली. यांतले बारा-एक दिवस तर वाटेत कोळसा भरण्यातच गेले. एडनपर्यंत पुरावा म्हणून मिळेल त्या जागी कोळसा रचला होता. सुएझला उतरून उंटावरून किंवा गाडीतून वाळवंट ओलांडायचे, नाईल नदीने अलेक्झांड्रियाला जायचे आणि तिथे दुसरी बोट धरायची, ही 'ओव्हरलँड' वाट मग रुळली. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा उघडला. मुंबई ते लंडन समुद्रमार्ग वीस हजार किलोमीटरवरून साधारण साडेअकरा हजारांवर आला. मुंबई हे हिंदुस्थानचे प्रवेशद्वार झाले ते त्यानंतर. टपाल आणि घाईचे प्रवासी इटलीत ब्रिंडिसीला किंवा फ्रान्समध्ये मार्सेलला उतरून आगगाडीने लंडन गाठू लागले. पत्राला दोन आठवडे, सबंध प्रवास समुद्राने केला तर माणसाला तीन-चार आठवडे, असा हिशेब पुढे पन्नास-साठ वर्षे चालला.

१८७० : दोन अंतरांची फारकत

मेरठची पलटण १० मे १८५७ रोजी उठली. ती बातमी लंडनला पोचली जूनच्या अखेरीस. सगळ्या साम्राज्याला हादरा देणारी बातमी, पण तिलाही जवळजवळ सात आठवडे लागले.

तेरा वर्षांनी चित्र पालटले. 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र बोटीने १८७० च्या सुरुवातीला मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली. जूनमध्ये ती साखळी एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करीत कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला जोडली गेली. आता मुंबईचा संदेश लंडनला काही मिनिटांत येऊ शकत होता. माणसाला मात्र तेच आठवडे लागत होते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत सुतकाचा विचार करताना 'देशांतर' कशाला म्हणावे याची चर्चा आहे. मध्ये मोठी नदी किंवा डोंगर असला, भाषा बदलली, तर ते देशांतर, अशी एक व्याख्या. दुसरी व्याख्या अशी की जिथली वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर. म्हणजे दूर कोण, हे शास्त्रकारांनी कोसांवर मोजले नाही, बातमीवर मोजले. आईवडील गेल्याचे वर्षाने कळले तरी कळल्या दिवसापासून सुतक धरावे, असेही सांगितले आहे. ज्याला उशिरा कळले त्याचे दुःख त्या दिवशी सुरू होते, हे त्यांना कळत होते. सुतक आपण पाळत असू वा नसू, या नियमामागचा समजूतदारपणा पटण्यासारखा आहे.

१८७० च्या तारेने ही व्याख्या मोडली. त्या मोजमापाने लंडन 'देशांतर' राहिलेच नाही, कारण वार्ता दहा रात्रींच्या कितीतरी आत येऊ लागली. पण तार हातात पडल्यावर निघालेला मुलगा गावी पोचेपर्यंत तेरावा होऊन दुसरा आठवडा लोटलेला असे. बातमी वेळेवर येते आणि माणूस वेळेवर पोचत नाही, हे नवे दुःख तेव्हा जन्माला आले. सावरकर लंडनमध्ये शिकत असताना १९०९ साली त्यांचा चिमुकला प्रभाकर इकडे देशात गेला. बापाला परत जाऊन त्याचे तोंड पाहणे शक्यच नव्हते. सावरकर १९०६ च्या जूनमध्ये 'पर्शिया' या बोटीने मुंबईहून आले होते. ती बोट पुढे महायुद्धात ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. समुद्राची वाट जवळची झाली होती, पण निर्धोक झाली नव्हती.

कॅमडेन : शेवटचे स्टेशन

या सगळ्या इतिहासात कॅमडेन कुठे बसते? ते अगदी टोकाला बसते. थेम्सच्या मुखाशी टिलबरीच्या गोदीत पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी लागत आणि तिथून प्रवाशांना घेऊन बोट-ट्रेन सेंट पँक्रास स्टेशनात येई. अँकर लाइनच्या मुंबईच्या बोटी लिव्हरपूलला लागत, तिथले प्रवासी आगगाडीने यूस्टनला उतरत. दोन्ही स्टेशने आज ज्याला कॅमडेन बरो म्हणतात त्यात आहेत. (बरो १९६५ साली झाला. हॅम्पस्टेड, होबर्न आणि सेंट पँक्रास असे तीन जुने भाग एकत्र करून.) म्हणजे बॅलार्ड पियरला रुमाल हलवून निघालेल्या कित्येक मराठी विद्यार्थ्यांचे पाय लंडनच्या जमिनीला पहिल्यांदा लागले ते इथे. आणि आज हीथ्रोहून पिकॅडिली लाइन पकडली तर तासाभरात आपण उतरतो ते किंग्ज क्रॉस सेंट पँक्रासलाच. हीथ्रोपर्यंत ट्यूब १९७७ साली गेली. वाट आकाशातून आली तरी शेवटचे स्टेशन तेच राहिले.

सेंट पँक्रासपासून प्रिमरोझ हिलपर्यंत चालत गेले तर १० किंग हेन्रीज रोड हे घर लागते. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. त्यांच्या प्रवासाचा इतिहास आपल्या विषयाला फार जवळचा आहे. १९१६ साली ते न्यूयॉर्कहून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि होबर्नच्या ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत जावे लागले. ग्रंथांचे सामान त्यांनी वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. अर्धपोटी राहून घेतलेली पुस्तके वाटेवर गेली. तरी १९२० मध्ये पैशाची जुळवाजुळव करून ते पुन्हा आले आणि १९२३ पर्यंत बॅरिस्टरी आणि डी. एस्सी. दोन्ही पुरे केले.

या सर्व काळात रमाबाई मुंबईत परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. पत्र जायला दोन आठवड्यांहून जास्त, उत्तर यायला तेवढेच. 'घरात आजारी कोण आहे?' असे विचारले तर उत्तर महिन्याने. तार शब्दागणिक महाग, ती फक्त वाईट बातमीसाठी. किंग हेन्रीज रोडच्या त्या घरासमोर उभे राहिले की विद्वत्तेबरोबर त्या महिन्याच्या अंतराचाही विचार मनात येतो. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतले आणि आज तिथे बाबासाहेबांचे स्मारक आहे. पाहिले नसेल तर अवश्य पाहावे.

१९३० मध्ये गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा बाबासाहेब 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या नव्याकोऱ्या बोटीने आले. याच बोटीने १९३२ साली लंडन ते मुंबई १७ दिवस १ तास ४२ मिनिटांत जाऊन विक्रम केला. बोटींच्या वेगाची ही जवळजवळ शेवटची मर्यादा. कारण तोपर्यंत वर आकाशात दुसरे काही सुरू झाले होते.

आठवड्यांचे तास झाले

३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा, तिकीट १३० पौंड. त्यातला बाझल ते जिनोआ हा टप्पा तर चक्क आगगाडीने! रात्री विमान उतरत असे आणि प्रवासी मुक्कामाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी लहानशा पुस मॉथ विमानातून कराचीची डाक अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला, आणली आणि लंडनचे पत्र आठवडा-दीड आठवड्यात मुंबईत मिळू लागले.

स्वातंत्र्यानंतर दहाच महिन्यांनी, ८ जून १९४८ रोजी, एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्यात प्रवासी ३५, तिकीट १,७२० रुपये. मोजणी दिवसांवरून तासांवर आली ती इथे. सामान्य विद्यार्थी मात्र पुढची पंधरा-वीस वर्षे बोटीनेच येत राहिला, कारण विमान परवडत नव्हते. १९६० मध्ये एअर-इंडियाने बोइंग ७०७ जेट आणले, १९७१ मध्ये जंबो आले, आणि १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद राहिल्याने बोटींचा उरलासुरला प्रवासी धंदाही आटोपला.

या वाटेने बळीही घेतले. तेच 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँच्या शिखरावर आदळले, ४८ माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच डोंगरावर 'कांचनजंगा' कोसळले आणि ११७ जण गेले. डॉ. होमी भाभा त्यांत होते. त्या विमानातल्या टपालाची एक पिशवी २०१२ साली, ४६ वर्षांनी, हिमनदीतून बाहेर आली. २०२० मध्ये त्याच बर्फातून इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीचे अंक सापडले. बातमीचे अंतर कधी कधी असेही लांबते. आणि १२ जून २०२५ चा अहमदाबाद-गॅटविक विमानाचा अपघात तर आपल्या सर्वांच्या मनात ताजा आहे.

एक गंमत लक्षात घ्या. १९६० चे बोइंग ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडत असे. आजची नवी विमानेही तेवढ्याच वेगाने उडतात. मधले थांबे गेले, सोय वाढली, पण साठ वर्षांत माणसाचा वेग वाढलेला नाही. उलट वाट कधी लांबते. सोव्हिएत काळात मघाशी सांगितलेल्या दोऱ्याच्या वाटेवरचा मोठा भाग बंदच होता, म्हणून कैरो, बैरूत असे दक्षिणेकडून जावे लागे. २०२२ मध्ये युक्रेनचे आकाश बंद झाले. २०१९ मध्ये काही महिने, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय विमानांना, पाकिस्तानने आपले आकाश बंद केले.

फोनची घंटा

बातमी मात्र धावतच राहिली. १९२७ साली पुण्याजवळ खडकी आणि दौंड इथे बिनतारी केंद्रे झाली आणि इंग्लंडचे संदेश हवेतून जाऊ लागले. १९३३ मध्ये मुंबई-लंडन टेलिफोन सुरू झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात आर्वीचे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. इथे सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेल्यांना ट्रंक कॉल बुक करून ताटकळणे, 'हॅलो, ऐकू येतंय का?' यात निम्मा वेळ जाणे आणि निळ्या एअरोग्रामच्या घडीवरही बारीक अक्षरात मजकूर बसवणे चांगले आठवत असेल. मग फोन कार्डे आली, मग चित्रासकट फोन. १५ जुलै २०१३ पासून भारतात तार बंद झाली आणि कुणाला चुकल्यासारखेही वाटले नाही.

बातमीचे अंतर असे शून्य झाले. माणसाचे अंतर किती? घरापासून हीथ्रो तासभर, आधी तीन तास हजेरी, नऊ तास विमान, बाहेर पडायला दीड-दोन तास, मग सातारा-कोल्हापूरकडे जायचे तर गाडीत पाच-सात तास. आज रात्री फोन आला आणि पहिल्या विमानात जागा मिळाली, तरी दारात पोचायला एक दिवस. आपल्याकडे अंत्यसंस्कार बहुधा त्याच दिवशी होतात. म्हणजे १८७० चे तीन आठवडे आता एका दिवसावर आले आहेत, पण तो एक दिवस नेमका नको तिथे पडतो.

आणि हा एक दिवसही कायमचा नाही, हे २०२० ने दाखवले. २२ मार्च २०२० पासून भारतात येणारी प्रवासी विमाने बंद झाली. मेपासून खास विमाने सुटू लागली, पण नेहमीची सेवा पूर्ववत व्हायला मार्च २०२२ उजाडला. मध्येच २०२० च्या डिसेंबरअखेर इथून जाणारी विमाने पुन्हा थांबली, आणि २३ एप्रिल ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात भारत इथल्या लाल यादीत होता. त्या दिवसांत आपल्यातल्या अनेकांनी आईवडिलांचा शेवटचा निरोप हातातल्या पडद्यावर घेतला. बातमी त्याच क्षणी आली, चित्रासकट आली, आणि माणूस जाऊच शकला नाही. फारकत इतकी पुरी याआधी कधी झाली नव्हती. रंगो बापूजींना निदान त्या आठवड्यांत काही दिसत तरी नव्हते.

आपल्या हातात काय आहे

या इतिहासातून काढण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अगदी व्यवहाराची. पासपोर्टची मुदत तपासून ठेवा. ब्रिटिश पासपोर्ट असेल आणि ओ. सी. आय. कार्ड काढले नसेल तर ते सवडीने काढा, म्हणजे ऐन वेळी व्हिसासाठी खोळंबा होणार नाही. मुलांची कागदपत्रेही बघा. गावाकडे कुणाशी बोलायचे, चावी कुणाकडे, डॉक्टर कोण, हे एका वहीत लिहून ठेवा. मधल्या एका दिवसातले चार तास वाचले तरी ते मोलाचे असतात.

दुसरी गोष्ट मंडळाची. बातमी आली आहे आणि माणूस अजून पोचलेला नाही, किंवा पोचूच शकत नाही, तो वेळ आपल्या प्रत्येक घरावर कधी ना कधी येतो. विमान कितीही चांगले झाले तरी तो वेळ राहणारच. त्या वेळात किलबर्नहून, केंटिश टाऊनहून, स्विस कॉटेजहून कुणी तरी पिठलंभाताचा डबा घेऊन येते, मुलांना शाळेतून आणते, तिकिटाचे बघते, नाही तर नुसते शेजारी बसून राहते. सात हजार किलोमीटर कुणालाच कमी करता आलेले नाहीत. पण कॅमडेनमधल्या एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचे अंतर दहा मिनिटांचे आहे, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे.

म्हणून मंडळाच्या यादीतला आपला फोन नंबर बदलला असेल तर तेवढा कळवा. रात्री कितीही वाजता उपयोगी पडेल.